साहेब नावाचा घोडा

त्या वर्षी मी रोज दोनदा खोटं बोलत होतो. पहिलं सकाळी घरातून निघताना, दुसरं त्यानंतर अर्ध्या तासाने कासमचाचांच्या तबेल्यात. घरी सांगायचो, शाळेत चाललो. तबेल्यात सांगायचो, माझी शाळा दुपारची आहे. रविवार आणि सणवार वजा केले तर हे पाच महिने चाललं, म्हणजे अडीचशेच्या आसपास खोटं झालं. हा आकडा मी आत्ता लिहिताना काढला. त्या वेळी मला एवढंच कळत होतं की पहिलं खोटं बोलताना मी जमिनीकडे बघायचो आणि दुसरं बोलताना बघायचो नाही, कारण तोवर घोड्याचा वास यायला लागलेला असायचा.

आमची खोली लिंबायतला होती, रेल्वेलाइनच्या अलीकडे. दहा बाय बारा, वर पत्रा. मागे ज्वारीची शेतं आणि पुढे आमच्यासारखीच खानदेशातून आलेली माणसं. आबा, म्हणजे माझे वडील, लाइनपलीकडे लूमच्या खात्यात कामाला होते. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. बारा तासांची पाळी करून ते घरी यायचे तेव्हा त्यांच्या कानांत लूम चालूच असायचे, त्यामुळे साधं पाणी मागतानाही ते ओरडून मागायचे आणि नवीन शेजाऱ्यांना वाटायचं की या घरात रोज भांडण होतं. खरं तर ते कधी कोणावर हात उचलत नसत. माय दिवसभर दारात बसून चरख्यावर लूमसाठी सुताच्या कांड्या भरायची. चरख्याची घरघर, परातीत भाकरी थापल्याचा आवाज, आणि माझ्या चार वर्षांच्या बहिणीची, शकूची, अखंड बडबड. मालगाडी आली की सगळ्यांनाच बोलणं थांबवावं लागायचं. तेवढ्या वेळात मी तिच्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, मोजायचो. सकाळी माय कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा फडक्यात बांधून द्यायची आणि रोज तेच विचारायची, "भाकर बांधी लिधी का? शाळामा ध्यान दे, भाऊ." मी मान हलवायचो. तोंडाने खोटं बोलण्यापेक्षा मान हलवणं बरं वाटायचं, पण हिशोबात मी तेही धरलं आहे.

गावाकडे मी सातवीपर्यंत मराठीत शिकलो होतो आणि गणितात पहिला यायचो. सुरतेला आल्यावर आबांनी मला ज्या हायस्कुलात घातलं तिथे सगळं गुजरातीत होतं. मला अक्षर अक्षर जोडून वाचावं लागे. सर मुद्दाम मला उभं करत की काय कोण जाणे, पण दर दोन दिवसांनी माझी पाळी यायची. मागच्या बाकावरचा एक जण म्हणायचा, "अल्या मराठा, ऊंघी गयो के?" म्हणजे झोपलास का, आणि पन्नास पोरं हसायची. एका सोमवारी मी शाळेच्या दारापर्यंत गेलो, घंटा झाली, सगळे आत गेले आणि माझे पाय हललेच नाहीत. मग मी वळलो. पहिले पंधरा दिवस नुसता फिरलो. स्टेशनवर, नदीच्या ओवाऱ्याच्या पायऱ्यांवर, कापडबाजाराच्या मागच्या गल्ल्यांत. दप्तर घेऊन एका जागी बसलं की कोणीतरी विचारतंच, म्हणून बसायचो नाही. कोणाच्याही हातातली सायकल ओळखीची वाटायची. दुपारी घरी जाईपर्यंत माझे पाय भरून यायचे, आणि माय म्हणायची, शाळेत खेळायला लावतात वाटतं फार.

तबेला लाइनच्या आमच्याच बाजूला होता, वस्ती संपते तिथे. कासमचाचा साठीचे, बुटके, दाढीला मेंदी लावणारे. घोडागाडी चालवायचे. त्यांच्याकडे मोती नावाची पांढरी घोडी गाडीला होती आणि एक उंच तांबडा घोडा होता, जो गाडीला नव्हता. तो रेसचा घोडा होता. पुढच्या उजव्या पायाची शीर गेली म्हणून त्याला रेसमधून काढलं आणि विकत विकत तो सुरतेपर्यंत आला. चाचा त्याला वराच्या मिरवणुकीत न्यायचे. रेसकोर्सवर त्याला काय इंग्रजी नाव होतं ते चाचांना उच्चारता येत नव्हतं. पहिले चार दिवस त्याने इथल्या कोंड्याला तोंड लावलं नाही, म्हणून त्यांनी त्याचं नाव साहेब ठेवलं होतं. दुसरे गाडीवाले जाता जाता ओरडायचे, "कासम, तेरे साब ने नाश्ता किया?" चाचा म्हणायचे, "किया। अब तेरी बारात की राह देख रहा है। तेरे को तो कोई लड़की देता नहीं!"

मी कुंपणापाशी तीन दिवस उभा राहिलो तेव्हा चाचांनी विचारलं, "क्या रे, घोडा देखा नहीं कभी?" मी म्हटलं, "इतका उंच नाही पाहिला." त्यांनी शाळेचं विचारलं आणि मी दुसरं खोटं पहिल्यांदा बोललो. पाय आखडू नये म्हणून साहेबाला रोज सकाळी फिरवावं लागे आणि चाचांना त्याच वेळी स्टेशनवर गिऱ्हाइकं असायची. आठवडाभरात ते काम माझ्याकडे आलं. त्यांनी एकच अट घातली. "चलाने का। दौड़ाने का नहीं। समझा?" मी म्हटलं, समजलो.

साहेबाची मला भीती वाटायची. हे लिहिताना लाज वाटत नाही, कारण त्याचं डोकं माझ्या डोक्याच्या वर दीड हात होतं आणि तो मान फिरवायचा तेव्हा माझ्या छातीवर धक्का बसायचा. पण ती भीती समोर दिसणारी होती. घरातली भीती दिसत नव्हती, आणि ती कधी बाहेर येईल ते ठरलेलं नव्हतं. साहेबाबरोबर चालताना एका भीतीपायी दुसरी विसरली जायची. महिनाभरात मी त्याच्या पाठीवर बसायला लागलो. चालवतच होतो, दौडवत नव्हतो.

वस्तीच्या बाहेर, शेतांकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक जुना जकात नाका होता. नाका पुढे हलवला होता, पण त्याचा आडवा दांडा तसाच राहिला होता. दांड्याच्या जाड टोकाला दगड बांधलेला आणि दुसऱ्या टोकाची दोरी खुंटीला अडकवलेली. दोरी सोडली की दगड खाली जायचा आणि दांडा वर. त्या रस्त्यावर ट्रक आला की साहेब बिचकायचा. मोतीच्या जुन्या साजातली झापडं तबेल्यात खुंटीवर लटकत होती. गाडीच्या प्रत्येक घोड्याला ती घालतात, बाजूचं काही दिसू नये आणि जनावर शांत राहावं म्हणून. एके सकाळी मी चाचांना न विचारता ती साहेबाला चढवली. तो शांत झाला नाही. थरथरायला लागला. मला वाटलं, थंडी असेल. नाक्यापाशी आलो तेव्हा दांडा खाली होता. एका बैलगाडीवाल्याने पलीकडून दोरी सोडली आणि दांडा वर गेला.

पुढचं मला सांगता येतं ते एवढंच की वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी त्याच्या मानेला मिठी मारून मोठ्याने आकडे म्हणत होतो. मी त्र्याण्णवपर्यंत आलो तेव्हा तो आपोआप हळू झाला आणि एका बाभळीपाशी उभा राहिला. मी खाली उतरलो आणि ओकलो. मग चालत परत येताना अंतर मोजलं. सतराशे वीस पावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं तेव्हा सतराशे अकरा भरली. फरक माझ्या पायांचा असणार.

बऱ्याच वर्षांनी मला रेसकोर्सवर काम केलेल्या एका माणसाने समजावलं की काही घोड्यांना झापडं फक्त रेसच्याच दिवशी घालतात, आणि जुन्या पद्धतीत आडवी दोरी वर उडाली की घोडे सुटायचे. झापडं आणि वर जाणारा दांडा, या दोन गोष्टी एकत्र आल्या की साहेबाच्या लेखी रेस सुरू झाली. तेव्हा मला कारण माहीत नव्हतं, पण हिशोब कळला होता. मी तो पुन्हा करून पाहिला. पाठीवर बसून खुंटीवरची दोरी ओढली की दांडा वर जायचा, मला दुसऱ्या कोणाची गरज नव्हती. एकूण अकरा वेळा मी ते केलं. दर वेळी मानेला मिठी, आणि बाभळीपाशी थांबल्यावर असं वाटायचं की आता शाळेतसुद्धा जाता येईल. त्याचा पाय संध्याकाळी गरम लागतो असं चाचा म्हणाले, तेव्हा मी साहेबाची मान चोळत राहिलो. चाचांना सांगायला हवं होतं की याला झापडं घालून दांड्यासमोर उभं करू नका. पण मग त्यांनी विचारलं असतं, तुला कसं माहीत? साहेब गाडीला नव्हताच, त्यामुळे सांगायची गरज काय, असं मी स्वतःला समजावलं.

एका सोमवारी गल्लीतल्या निंबाबाईने मला तबेल्यापाशी पाहिलं. ती थांबली, नीट पाहिलं आणि गेली. ती मायला सांगेल या धास्तीने मला जेवण गेलं नाही. मंगळवारी मी तबेल्याकडे फिरकलोच नाही, लाइन ओलांडून शहरात गेलो. त्याच सकाळी मी निघाल्यावर शकूचा ताप चढला. माय तिला घेऊन मोठ्या दवाखान्यात जायला निघाली आणि चाचांच्या तबेल्यापाशी आली, कारण त्या भागात तीच एक गाडी होती. आणि त्याच सकाळी मोतीच्या पोटात कळ आली होती. चाचांनी आजारी पोरगी पाहिली आणि मोतीचा साज साहेबावर चढवला. गाडीच्या घोड्याला झापडं घालतात, म्हणून झापडंही घातली.

शहरात करमलं नाही म्हणून मी अकराच्या सुमाराला परत येत होतो. रेल्वेचं फाटक बंद होतं. मी शहराच्या बाजूला, कापडाच्या ताक्यांनी भरलेल्या एका बैलगाडीजवळ उभा होतो. पलीकडे, अगदी दांड्याला लागून, चाचांची गाडी होती आणि मागच्या बाजूला मायचं हिरवं लुगडं दिसत होतं. अकरा वाजता मी फाटकावर कसा, हे मायला काय सांगणार? गाडीला कोण जोतलंय ते न पाहताच मी बैलगाडीच्या आड झालो. तेवढ्यात मालगाडी आली. मी सवयीने मोजायला लागलो. वाघिणींच्या मधल्या फटींतून पलीकडचं तुकड्या-तुकड्याने दिसत होतं. चाक. चाचांची टोपी. शकूचा लोंबणारा पाय. एकोणिसाव्या वाघिणीला मला कळलं की गाडीला पांढरी घोडी नाही. तांबडा रंग होता. पुढच्या फटीत मला झापडं दिसली.

मी मोजणं सोडलं. मोजणं अर्धवट सोडल्याची ही एकच वेळ मला आठवते. मी दांड्याखालून वाकून रुळांच्या बाजूला गेलो. फाटकवाला ओरडला, "मरवुं छे? पाछो जा!" मीही ओरडत होतो, पण मालगाडीपुढे कोणाचंच ऐकू जात नव्हतं. किती वाघिणी उरल्या होत्या मला माहीत नाही. मग शेवटचा, गार्डचा डबा गेला, एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत फाटकवाला चाक फिरवत असल्याची कर्कर ऐकू आली. दोन्हीकडचे दांडे वर जायला लागले. मी रुळांवरून धावत सुटलो. "चाचा, पट्टी निकालो! पट्टी निकालो उस की आँख से!" चाचांनी हाताने मला बाजूला हो म्हणून खूण केली. माय मला पाहत होती. साहेबाची मान खाली गेली होती आणि खांदे थरथरत होते.

तो सुटला तेव्हा मी त्याच्या समोर होतो. मी लगाम धरायला हात पुढे केला होता का, हे मला आज खात्रीने सांगता येत नाही. मी बाजूला झालो, एवढं नक्की. गाडीचं डावं चाक रुळावर आपटलं आणि गाडी उलटली. मायने शकूला पोटाशी धरून अंग फिरवलं, त्यामुळे शकूच्या कपाळाला नुसतं खरचटलं आणि माय कमरेवर दगडांत पडली. चाचा गाडीच्या दांड्यांच्या मधे अडकून थोडे फरफटले. एक दांडी मोडली आणि साहेब ती तशीच ओढत शहराच्या दिशेने गेला. लाकडाच्या एका वखारीपाशी तो उभा सापडला, पुढचा उजवा पाय वर धरून. ते अंतर मी कधी मोजलं नाही. लोक जमले होते आणि एक दुकानदार सगळ्यांना सांगत होता, "रेसनो घोडो छे, भाई. मगज फरी गयुं."

मायचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ते पुढे नीट जुळलं नाही, ती शेवटपर्यंत डावीकडे झुकून चालली. दवाखान्यात आबा तिच्या खाटेशी बसले होते, हातापायांना अजून सुताची लव चिकटलेली. ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जात होतं. "त्या घोडावालाले मी सोडाव नही." ते पाणी आणायला गेले तेव्हा मायने मला जवळ बोलावलं.

"तू तठे काय करी ऱ्हायंता?"

"शाळा लवकर सुटनी."

"आनि घोडाना डोळाले काय शे, ते तुले कसं ठाऊक?"

मी तिच्या अंगावरची चादर सारखी करायला लागलो. तिने डोळे मिटून घेतले. आबा परत आले तेव्हा तिने त्यांना काहीच सांगितलं नाही, आणि त्यामुळे माझी भीती कमी झाली नाही, वाढली.

चाचा पुरुषांच्या वॉर्डात होते. दोन बरगड्या गेल्या होत्या. मी त्यांच्यासाठी केळी घेऊन गेलो. ते छताकडे पाहत बोलत होते, मला सांगत होते की स्वतःला, कळत नव्हतं. "शुरू में गाड़ी में जोता था उस को, पट्टी बाँध के। उसी फाटक से तीन बार निकला। काँपता था, मगर भागा कभी नहीं। आज क्या हो गया साले को?" मला ते लगेच कळलं. त्या तीन वेळा आणि हा मंगळवार, यांच्या मधे माझे अकरा होते. तो विसरत चालला होता आणि मी त्याला अकरा वेळा आठवण करून दिली होती.

जनावरांच्या डॉक्टरांनी साहेबाचा पाय पाहिला आणि सांगितलं की सहा महिने बांधून ठेवलं तर लंगडत का होईना, उभा राहील. चाचा दुसऱ्या दिवशी छातीला पट्टे बांधून घरी आले. ते म्हणाले, "लंगड़ा रख लूँगा। पागल नहीं रखूँगा। कल किसी और की बच्ची बैठेगी।" शुक्रवारी एक माणूस ट्रक घेऊन येणार होता. कामातून गेलेली जनावरं तो न्यायचा. ती कुठे जातात ते सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे मी तोंड उघडलं तर साहेब जगणार होता आणि मायचं हाड मुलामुळे मोडलं हे आबांना कळणार होतं. न उघडलं तर साहेब जाणार होता आणि माझं सगळं झाकलं जाणार होतं. बुधवार गेला, गुरुवार गेला. मी शकूला भाकरी भरवायचो आणि तिचे घास मोजायचो. मला आबांच्या माराची भीती नव्हती. ते रडतील याची भीती होती. माझा धाकटा आता त्या वयाचा आहे, आणि तो उशिरा घरी आला की मी त्याला काही विचारण्याआधी थोडा वेळ थांबतो. माझी बायको म्हणते, तुम्ही फार सौम्य बाप आहात. तसं नाही.

शुक्रवारी सकाळी मी तबेल्यात गेलो तेव्हा ट्रक उभा होता. त्याचा माणूस विडी ओढत होता. मी चाचांना सगळं सांगितलं, झापडं, नाका, दांडा, अकरा वेळा. एका दमात, त्यांच्या पायांकडे बघत. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"तेरे को उस से मोहब्बत है। इसलिए झूठ बोलता है।"

"खुदा की कसम, चाचा."

"तू मराठा, तेरे को खुदा से क्या लेना?" चाचा म्हणाले. ट्रकवाला हसला. चाचा हसले नाहीत. "ठीक है। दिखा।"

तबेल्याच्या दाराला रात्री आडवा लावायचा बांबू होता. तो मी साहेबाच्या समोर, छातीच्या उंचीवर धरला. एक टोक भिंतीतल्या खोबणीत, दुसरं माझ्या हातात. चाचांनी खुंटीवरची झापडं काढली आणि साहेबाला चढवली. साहेब तीन पायांवर उभा होता. झापडं डोळ्यांवर येताच त्याचे कान पुढे झाले, मान खाली गेली, आणि त्याने तो सुजलेला पाय हळूच जमिनीवर टेकवला. मग त्याच्यावर भार दिला. त्याचं सगळं अंग थरथरत होतं. आणि मला त्याच क्षणी कळलं की बांबू वर केला तर तो धावणार, धावला तर तो पाय कायमचा जाणार, आणि मग मी खरा ठरूनही काही उपयोग नाही. बांबू वर केला नाही तर मी खोटा. "उठा," ट्रकवाला म्हणाला. मी बांबू दोन्ही हातांनी खाली दाबून धरला.

चाचांचा तळवा साहेबाच्या खांद्यावर होता. ती थरथर त्यांनी हातानेच ओळखली. मग म्हणाले, "बस। मत उठा।" त्यांनी स्वतःच झापडं काढली. साहेबाने पाय पुन्हा वर घेतला. चाचांनी ट्रकवाल्याला जायला सांगितलं आणि त्याची दोन-चार वाक्यं निमूट ऐकून घेतली. साहेब त्यानंतर त्या तबेल्यात दोन वर्षं लंगडत जगला, कोणाच्याही मिरवणुकीत गेला नाही. मला चाचांनी तबेल्यात पुन्हा येऊ दिलं नाही. त्या दिवशी मी म्हटलं, "आबांना तुम्ही सांगाल का?" ते म्हणाले, "मेरी पसली टूटी है। तेरी जबान तो साबुत है न? जा। अभी जा।"

मी लाइन ओलांडून आबांच्या खात्यात गेलो. पंचवीस-तीस लूम एका लांब खोलीत, आणि आवाज असा की छातीत बसतो. तिथली माणसं एकमेकांचे ओठ पाहून बोलतात. आबांकडे चार लूम होते. मला पाहून त्यांचा चेहरा पडला, कारण दवाखान्यातून कोणी धावत येण्याचा अर्थ एकच होता. मी ओरडलो, "आबा, माय मन्हामुळे पडनी!" त्यांना माझ्या ओठांवर फक्त 'माय' दिसलं. "काय झायं मायले?" ते किंचाळले. "काय झायं?" मी मान हलवत राहिलो, काही नाही, काही नाही, आणि पुन्हा ओरडलो, पण ते माझ्या तोंडाकडे बघत होते आणि त्यांना समजत नव्हतं.

तेव्हा त्यांनी लूम बंद केला. ताका मधेच थांबवला तर कापडावर आडवी रेघ उठते आणि माल नापास होतो, म्हणून कोणताही कारीगर तसं करत नाही. आबांनी पहिला बंद केला, मग दुसरा, तिसरा, चौथा. आसपासचे चालूच होते, पण आमच्याभोवती थोडी जागा झाली. "आते सांग," ते म्हणाले. मी शाळेपासून सांगितलं. मधे कुठे थांबलो नाही. ते मध्येच खाली ठेवलेल्या सुताच्या बीमवर बसले. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "तुनी मायले हाई माहीत शे?" मी म्हटलं, "मंगळवारपासून."

ते रडले नाहीत. माझ्या अंगावरही आले नाहीत. उठले, चारही कापडांवर हात फिरवून रेघा पाहिल्या. मग पहिला लूम चालू केला, दुसरा चालू केला. तिसरा चालू करताना ते माझ्याकडे वळले आणि काहीतरी बोलले, सावकाश, एक-दोन वाक्यं असतील. मला ऐकू आलं नाही, आणि ओठ वाचायला मी शिकलो नव्हतो. मी मान हलवली. काय म्हणालात, हे विचारायची हिंमत मला त्या दिवशी झाली नाही, आणि पुढे आबा होते तोवर कधीच झाली नाही.